जीपीएस घड्याळ बसवून भागत नाही, ते जुळवावे लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचा पहिला पाऊस झाला की सातपुड्याच्या पायथ्याने आणि तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या वीजवाहिन्या ट्रिप होतात, हे खान्देशात दरवर्षीचे आहे. वाहिनीच्या दोन्ही टोकांच्या रिलेंनी, म्हणजे दोष ओळखून वाहिनी बंद करणाऱ्या संरक्षक यंत्रांनी, त्या क्षणाची नोंद घेतलेली असते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की दोष कोणत्या मनोऱ्याजवळ आहे हे काढता येते. त्यासाठी दोन्ही टोकांच्या घड्याळांत एकच वेळ हवी. ती नसेल तर लाइन स्टाफला उन्हात मनोऱ्यामागून मनोरे पाहत चालावे लागते आणि तोवर केळीच्या बागांचे पाणी बंद राहते. उपकेंद्रांत, सौर व पवन प्रकल्पांत आणि रेल्वेत आता जीपीएसवर चालणारी घड्याळे आली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती बहुतेक वेळा बसवली जातात, हिरवा दिवा लागला की पावतीवर सही होते आणि जुळणी राहून जाते. ती जुळणी कशी करायची, न केल्यास काय बिघडते आणि का, हे सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

या डब्यात मुख्य गोष्टी दोनच. एक जीपीएस रिसीव्हर, जो दर सेकंदाला एक पल्स देतो. त्याला १ पीपीएस म्हणतात. दुसरा, छोट्या ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला ठेवलेला १० मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ ऑसिलेटर. रिसीव्हरचा प्रत्येक पल्स पाच-दहा नॅनोसेकंद पुढे-मागे होतो, पण महिनोन्महिने त्याची सरासरी ढळत नाही. क्वार्ट्झचे याच्या उलट आहे. क्षणाक्षणाला तो अतिशय स्थिर, पण दिवसागणिक हळूहळू सरकत जाणारा. आतला प्रोसेसर दोघांतला फरक मोजतो आणि क्वार्ट्झच्या कंट्रोल व्होल्टेजने त्याला ओळीवर आणतो. सगळी जुळणी या लगामाची आहे.

नॅनोसेकंदांकडे जाण्याआधी मोठ्या चुका काढाव्यात. सूक्ष्म जुळणी करून ठेवलेले घड्याळ अख्खे १८ सेकंद पुढे असते, असेही होते. जीपीएसची स्वतःची वेळ ६ जानेवारी १९८० पासून मोजली जाते आणि जागतिक वेळेत अधूनमधून वाढवले जाणारे लीप सेकंद तिच्यात घालत नाहीत. म्हणून १ जानेवारी २०१७ पासून ती जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहच कळवतात, पण पूर्ण संदेश उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. घड्याळ नुकतेच चालू केले असेल तर तेवढा वेळ त्याच्या सेकंदांवर विश्वास ठेवू नये. दुसरी चूक साडेपाच तासांची. घड्याळातही ५:३० भरलेले आणि रिलेतही भरलेले, म्हणजे नोंद जागतिक वेळेच्या अकरा तास आणि भारतीय वेळेच्या साडेपाच तास पुढे जाते. भारतीय वेळेचे रूपांतर एकाच ठिकाणी करावे आणि ते कुठे केले हे पॅनलच्या दारावर लिहून चिकटवावे. तिसरी चूक जुन्या रिसीव्हरांची. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ ला पुन्हा शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ मध्ये तो आला, एप्रिल २०१९ मध्ये आला आणि आता नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. ज्यांचे सॉफ्टवेअर जुने आहे ते रिसीव्हर तारीख १९ वर्षे साडेसात महिने मागची दाखवतात. मात्र त्यांचा पीपीएस अचूकच असतो. त्यामुळे दिवा हिरवा राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आता अँटेना. सर्वात जास्त दुर्लक्ष तिच्याकडे होते. खान्देश साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या असल्यामुळे आपल्या आकाशात ध्रुव ताऱ्याच्या आसपासचा भाग, क्षितिजापासून जवळजवळ ४५ अंशांपर्यंत, रिकामाच असतो. म्हणून कंट्रोल रूमचा जिना, पाण्याची टाकी किंवा मनोरा कुठेतरी आड येणारच असेल तर तो अँटेनाच्या उत्तरेला येऊ द्यावा. दक्षिण, पूर्व आणि पश्चिम मोकळी हवी. सपाट पत्र्याच्या छताजवळ अँटेना ठेवली तर परावर्तित लहरी आत येतात, म्हणून ती छतापासून दीड-दोन मीटर वर घ्यावी. मास्क अँगल, म्हणजे क्षितिजापासून ज्या उंचीखालचे उपग्रह रिसीव्हर वगळतो तो कोन, १० ते १५ अंश ठेवावा.

केबलचा एन कनेक्टर पावसाळ्यात पाणी ओढतो. त्यावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, तीवर साधी पीव्हीसी टेप लावावी आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. विजेचा लोट जमिनीत सोडणारा सर्ज अरेस्टर अँटेनाला पाच व्होल्ट डीसी जाऊ देणाराच हवा. डीसी अडवणारा बसवला तर अँटेनातला ॲम्प्लिफायर मुका होतो आणि दोष रिसीव्हरचा समजून रिसीव्हर बदलला जातो. अरेस्टरचे अर्थिंग उपकेंद्राच्याच अर्थ मॅटला जोडावे. त्यासाठी वेगळा खड्डा खणला तर वीज पडल्यावर दोन अर्थमधला फरक याच केबलमधून वाहतो.

अँटेना पक्की झाली की रिसीव्हरला स्वतःची जागा ठरवू द्यावी. पुष्कळ यंत्रांत याला अर्धा-पाऊण तास दिलेला असतो. तो पुरत नाही. पूर्ण २४ तास सरासरी घेऊ द्यावी आणि मग स्थान गोठवावे. वेळेच्या हिशेबात एक मीटरची चूक म्हणजे सुमारे ३.३ नॅनोसेकंद. उंचीतली चूक सर्वात जास्त छळते, कारण उपग्रह सगळे वरच्याच बाजूला असतात. अँटेना दुसऱ्या कोपऱ्यात हलवली आणि जुने स्थान तसेच राहिले, तर उपग्रह फिरतील तसा पीपीएस दिवसभर डुलत राहतो.

यानंतर केबलचा विलंब. आरजी-५८ किंवा आरजी-२१३ या केबलमध्ये संकेताला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. एलएमआर-४०० मध्ये सुमारे ३.९. म्हणजे ६० मीटर आरजी-२१३ ला ३०० नॅनोसेकंद. केबलची लांबी बिलावरून धरू नये, कारण उरलेले वेटोळे ट्रेमध्येच पडलेले असते. केबल मोजायची सोपी रीत अशी: तिचे अँटेनाकडचे टोक मोकळे सोडावे, दुसऱ्या टोकाला टी जोडून अरुंद पल्स द्यावा, ऑसिलोस्कोपवर गेलेला आणि परत आलेला पल्स पाहावा आणि मधल्या वेळेचा निम्मा घ्यावा.

हा आकडा भरताना चिन्ह चुकते. केबलमुळे पीपीएस उशिरा येतो, म्हणून तो तेवढा अलीकडे आणायचा असतो. काही यंत्रांत त्यासाठी ऋण आकडा लागतो, काहींत धन. चिन्ह उलटे पडले की चूक जात नाही, दुप्पट होते. ६० मीटरला ६०० नॅनोसेकंद. खात्रीसाठी ऑसिलोस्कोपवर दुसऱ्या घड्याळाचा पीपीएस शेजारच्या चॅनलवर लावून मुद्दाम १००० नॅनोसेकंद जास्तीचे भरावेत आणि पल्सची कड कुठे सरकते ते पाहावे. ती आधी येऊ लागली तर चिन्ह बरोबर. दोन्ही चॅनलच्या केबली सारख्याच लांबीच्या हव्यात, दोन्हींना ५० ओहम टर्मिनेशन (केबलच्या टोकाला जोडलेला रोधक) हवे आणि मोजणी चढत्या कडेच्या अर्ध्या उंचीवर करावी. टर्मिनेशन नसेल तर कड पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि कोणत्या पायरीवर मोजले यावर उत्तर बदलते. हा बदल चालू यंत्रणेवर करू नये. काही घड्याळे पीपीएस एकदम उडी मारून सरकवतात. काही क्वार्ट्झला ओढून हळूहळू नेतात. एक अब्जात एक भाग इतक्या ओढीने ३०० नॅनोसेकंद भरून यायला ३०० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ १० मेगाहर्ट्झही चुकलेले असतात.

खरे कसब लगामाच्या जुळणीत आहे. ती करण्यापूर्वी ओव्हन निदान दोन दिवस अखंड गरम असू द्यावा. थंड होऊन पुन्हा तापलेला क्वार्ट्झ जुन्या फ्रिक्वेन्सीवर लगेच येत नाही, काही तास सरकत राहतो. भारनियमनाच्या भागात याच एका कारणाने घड्याळे कधीच स्थिरावत नाहीत. त्यांना उपकेंद्राच्या बॅटरीवरचा डीसी पुरवठा द्यावा, भिंतीवरच्या प्लगचा नको.

प्रथम कंट्रोल व्होल्टेज पाहावे. ० ते ५ व्होल्टची कक्षा असेल तर ते अडीचच्या आसपास हवे. साडेचारला पोचले असेल तर क्वार्ट्झ वयाने सरकला आहे आणि वर्षभरात लगाम संपेल. बाहेर ट्रिमर स्क्रू असेल तर त्याने मध्यावर आणावे. मग व्होल्टमागे फ्रिक्वेन्सी किती बदलते ते मोजावे. लगाम बंद करून व्होल्टेज ०.१ ने बदलावे आणि १००० सेकंदांत पीपीएसचा फेज किती सरकतो ते पाहावे. सरकण्याच्या वेगात एक मायक्रोसेकंदाचा फरक पडला तर बदल एक अब्जात एक, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर ०.०१ हर्ट्झ आणि व्होल्टमागे ०.१ हर्ट्झ. हा आकडा चिन्हासकट यंत्रात भरावा. चिन्ह उलटे भरल्यास लगाम क्वार्ट्झला ओळीवर आणण्याऐवजी दूर पळवतो.

मग टाइम कॉन्स्टंट, म्हणजे लगाम साधारण किती सेकंदांच्या सरासरीवर क्वार्ट्झला ओढतो तो आकडा. कारखान्यातून तो बहुधा १०० सेकंदांच्या आसपास ठेवलेला येतो. कोणताही डबा लवकर लॉक व्हावा म्हणून ते ठीक, पण कामासाठी तो क्वार्ट्झच्या प्रतीनुसार ठरवावा लागतो. हिशेब असा: रिसीव्हरचा डळमळाट १० नॅनोसेकंद धरला तर १०० सेकंदांवर तो दहा अब्जांत एक होतो आणि १००० सेकंदांवर शंभर अब्जांत एक. तुमचा क्वार्ट्झ १००० सेकंदांत शंभर अब्जांत एकपेक्षा कमी हलत असेल तर टाइम कॉन्स्टंट १००० च्या घरात न्यावा. स्वस्तातला क्वार्ट्झ शंभर सेकंदांतच दहा अब्जांत एक हलत असेल तर १०० च बरा. फार लहान ठेवला की उपग्रहांचा खडखडाट जसाच्या तसा १० मेगाहर्ट्झमध्ये उतरतो. फार मोठा ठेवला की खोलीच्या तापमानाने क्वार्ट्झ भटकतो आणि लगाम उशिरा ओढतो. १००, ३००, ५००, १००० असे चढत जावे, प्रत्येक पायरीला एक दिवस द्यावा आणि व्होल्टेजचा आलेख बघावा.

त्या आलेखात आपल्याकडे हमखास दोन लाटा दिसतात. पहिली पंधरा-वीस मिनिटांची, एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याची. तिच्यावर उपाय टाइम कॉन्स्टंट नव्हे. घड्याळ एसीच्या झोतातून बाजूला घ्यावे आणि त्यावर हवा खेळेल असे जाड ॲल्युमिनियमचे आवरण ठेवावे. दुसरी लाट दिवसाची, दुपारी दोनच्या सुमारास फुगणारी. ती आयनोस्फिअरची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची. भूचुंबकीय विषुववृत्त तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि तिथून वर फेकली गेलेली विद्युतभारित कणांची दाटी अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात उतरते. खान्देश त्या पट्ट्याच्या काठावरच आहे. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत दुपारचा विलंब जीपीएसच्या मुख्य एल-१ फ्रिक्वेन्सीवर ५० नॅनोसेकंदांपर्यंत सहज जातो आणि उपग्रहांनी पाठवलेल्या नमुन्याने त्यातला साधारण निम्माच कापला जातो. युरोपातल्या माहितीपुस्तिकेतली अचूकता जळगावात दुपारी मिळत नाही ती यामुळे. ही लाट लगामाने घालवायचा प्रयत्न व्यर्थ आहे. ती नकोच असेल तर दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर घ्यावा.

उन्हाचे वेगळे सांगायला हवे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि बंद पॅनलच्या आत ६० ओलांडतात. ओव्हन फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्याचे ठरलेले तापमान ७०-७५ अंश असेल आणि आजूबाजूला जेमतेम तेवढेच झाले, तर ताबा सुटतो आणि क्वार्ट्झ उघड्यावर पडल्यासारखा वागतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: दुपारी तीन वाजता ओव्हनचा करंट मोजावा. तो शून्याकडे गेला असेल तर पॅनलला हवा नाही, किंवा प्रदेशाला न शोभणारे यंत्र खरेदी केले आहे. निविदेत चालण्याचे तापमान निदान ७० अंश लिहावे आणि ओव्हन ८० च्या पुढचा मागावा.

घड्याळापासून रिलेपर्यंतच्या वाटेवरही चुका होतात. रिलेंना वेळ कळवणारा आयरिग-बी संकेत दोन प्रकारांनी येतो: एक किलोहर्ट्झच्या लहरीवर चढवून, किंवा थेट डीसी पातळीने. पहिल्याची अचूकता दहा-वीस मायक्रोसेकंदांच्या पुढे नेणे कठीण. दुसऱ्याने एक मायक्रोसेकंद मिळतो. घड्याळ डीसी देत असताना रिले लहरीच्या प्रकारावर ठेवलेला आढळतो आणि मग तो स्वतःच्याच साध्या घड्याळावर चालत राहतो. एकाच आउटपुटवर टी लावत बारा रिले जोडले की पातळी खचते आणि लांबचे दोन-तीन रिले अधूनमधून वेळ गमावतात. सहा-आठ रिलेंपुढे वितरण ॲम्प्लिफायर घ्यावा. टर्मिनेशन फक्त शेवटच्या टोकाला लावावे. यार्डातून जाणाऱ्या वाटेला फायबरच वापरावी.

एवढ्या खटाटोपाची गरज किती, तर कामावर अवलंबून आहे. साध्या घटनानोंदीला एक मिलिसेकंद पुरतो. ५० हर्ट्झला एक मायक्रोसेकंद म्हणजे ०.०१८ अंश, त्यामुळे फेजर, म्हणजे विजेच्या लहरीची उंची व कोन, मोजणाऱ्या यंत्रांना एक-दोन मायक्रोसेकंद चालतात. दोषापासून वाहिनीच्या दोन्ही टोकांकडे धावणाऱ्या प्रवासी लहरींवरून दोषाची जागा काढताना मात्र दोन टोकांत एक मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे १५० मीटरची चूक. केबलचा विलंब भरायचा राहिला तर चूक दोन मनोऱ्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमीच. लगाम सुटलेले घड्याळ याहून कितीतरी घातक आहे.

म्हणून होल्डओव्हरची चाचणी. जीपीएस नसताना घड्याळ स्वतःच्या जोरावर किती टिकते हे पाहण्यासाठी, स्थिरावलेल्या घड्याळाची अँटेना काढावी आणि २४ तास दुसऱ्या लॉक असलेल्या घड्याळाशी पीपीएस ताडावा. क्वार्ट्झ दहा अब्जांत एक भागाने चुकलेला असेल तर दिवसाला ८.६४ मायक्रोसेकंद जातात. एक अब्जात एक असेल तर ८६.४. रोज वयाने सरकणे दहा अब्जांत एक असेल तर पहिल्या दिवशी ४.३ आणि दुसऱ्या दिवसाअखेर १७ मायक्रोसेकंद. ही चूक दिवसांच्या वर्गाने वाढते, म्हणून एका तासाच्या चाचणीवर समाधान मानू नये. ही चाचणी मे महिन्यात घ्यावी, डिसेंबरात नको. त्याच वेळी अलार्म कॉन्टॅक्ट खरोखर स्काडापर्यंत, म्हणजे दूरनियंत्रण यंत्रणेपर्यंत, पोचतो का ते बघावे. अँटेना महिनोन्महिने मेलेली आणि अलार्मची तार टर्मिनलवर लोंबकळती, असे आढळणे दुर्मिळ नाही.

एकाच उपग्रहप्रणालीवर विसंबणेही बरे नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी, आपण प्रजासत्ताक दिन साजरा करत होतो त्या दिवशी, जीपीएसच्या काही उपग्रहांनी जागतिक वेळेशी असलेला फरक १३ मायक्रोसेकंदांनी चुकीचा पाठवला आणि जगभरची अनेक घड्याळे तेवढी सरकली. ज्यांचा पीपीएस थेट जीपीएस वेळेला बांधलेला होता ती वाचली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आपल्या नाविक या भारतीय उपग्रहप्रणालीचा संकेत एल-१ वरही येऊ लागला आहे. नवी खरेदी करताना जीपीएससोबत नाविक घेणारे रिसीव्हर मागावेत आणि दोघांत फरक पडल्यास अलार्म द्यावा अशी अट घालावी.

१४ ऑगस्ट २००३ च्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अंधारानंतर चौकशीचा पुष्कळ वेळ वेगवेगळ्या घड्याळांच्या नोंदी जुळवण्यातच गेला होता. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सर्वत्र एकच असावी यासाठी नियमांचा मसुदा काढला. नियम येतील तेव्हा येतील. दीपनगर, खडका, धुळे, साक्री अशी निर्मिती व पारेषणाची मोठी ठिकाणे एकाच पट्ट्यात असलेल्या खान्देशाने वाट पाहू नये. जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने एक फिरते रुबिडियम अणुघड्याळ ठेवावे, ते लॉक करून गाडीतून बॅटरीवर नेता येते. शंभर अब्जांत एक इतकी चूक धरली तरी सहा तासांत त्याचा फरक पाव मायक्रोसेकंदाच्या आत राहतो. तेवढ्या वेळात धुळे ते भुसावळ रस्त्यावरची दोन-तीन उपकेंद्रे तपासून होतात.

संबंधित खात्यांना आमची मागणी एवढीच: घड्याळ ताब्यात घेताना केबलची मोजलेली लांबी व भरलेला विलंब, गोठवलेले स्थान, टाइम कॉन्स्टंट, कंट्रोल व्होल्टेज, दुपारचा ओव्हन करंट आणि २४ तासांच्या होल्डओव्हरचा आकडा हे सहा रकाने भरलेला तक्ता पॅनलच्या दारावर लावावा आणि दर मे महिन्यात तो नव्याने भरावा. तक्ता कोरा असेल तर बिल मंजूर करू नये.

आपले,
उपकेंद्रांतील चाचणी व देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ
भुसावळ, जि. जळगाव